उकिरडा उकरणारी भाषा

सकाळी उकिरड्यावर चढलेली कोंबडी कधी नीट बघितलीय का तुम्ही? आपल्याला नेमकं काय शोधायचंय, हे तिलाही ठाऊक नसतं. ती पायांनी भराभरा उकरते, मान तिरकी करून बघते, पुन्हा उकरते. दहा वेळा हाती काहीच लागत नाही. अकराव्या वेळी मात्र एक टपोरा दाणा!

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एक माणूस अगदी हेच करत बसला होता. त्यांचं नाव रोनाल्ड फिशर. १९१९ साली ते रोथॅमस्टेड नावाच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे १८४३ पासून प्रयोग चालू होते. त्याच त्या वावरात वर्षानुवर्षं गहू पेरायचा, कोणत्या तुकड्याला कोणतं खत घातलं आणि किती पीक आलं ते वहीत लिहायचं. सोबत पावसाच्याही नोंदी. अशा वह्यांचा ढीग साठला होता. कोणत्या महिन्यातला पाऊस गव्हाला मानवतो आणि कोणत्या महिन्यातला मारक ठरतो, हे फिशर त्या ढिगातून हुडकत होते. जुन्या नोंदी अशा उपसण्याला ते स्वतः ‘उकिरडा उकरणं’ म्हणायचे!

मला हे नाव फार आवडतं. आपल्याकडे उकिरडा म्हणजे काही फेकून दिलेली घाण नव्हे. तिथूनच तर शेणखत निघतं आणि गाडी भरभरून शेतात जातं. आकड्यांचा ढीगही तसाच असतो. तो नुसता पडून राहिला तर कुजतो, उकरला तर शेत पिकवतो. आजकाल या उकरण्याला डेटा मायनिंग म्हणतात. मायनिंग म्हणजे खाण खणणं. पण आपल्या परभणी जिल्ह्यात कुठं आल्या खाणी? उकिरडा मात्र गावोगाव आहे, म्हणून आज आपण फिशर यांचाच शब्द वापरू.

आणि ढीग बघायला इंग्लंडला कशाला जायचं? परभणीचं कृषी विद्यापीठ तुम्हाला माहीत आहेच. १८ मे १९७२ रोजी ते सुरू झालं. आता त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. भेंडीचं ‘परभणी क्रांती’ हे वाण तिथलंच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा जो रोग येतो, त्याच्यापुढे टिकून राहणारं वाण म्हणून ते देशभर गाजलं. ज्वारीचं ‘परभणी शक्ती’ २०१८ साली आलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेबरोबर मिळून ते तयार केलं गेलं, आणि त्याच्या दाण्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त असतं. असं एक वाण निवडायचं म्हणजे नुसतं ‘हे बरं दिसतंय’ म्हणून चालत नाही. झाडाची उंची, कणसाची लांबी, हजार दाण्यांचं वजन, रोग आलेली झाडं किती, न आलेली किती, हे सगळं मोजायचं. एका शेतात नाही, अनेक शेतांत. एका वर्षी नाही, अनेक वर्षं. तुमच्या ताटातल्या भाकरीमागे रकानेच्या रकाने आकडे उभे असतात.

हे आकडे कसे उकरायचे ते शेतकीच्या विद्यार्थ्यांना शिकवणारं एक जाडजूड पुस्तक १९५४ साली निघालं. ते दोन मराठी माणसांनी लिहिलं होतं, पानसे आणि सुखात्मे यांनी. त्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध नावाच्या गावात जन्मले. त्या काळी सगळी आकडेमोड हातानं आणि खडखडणाऱ्या यंत्रांवर व्हायची. आज त्यासाठी एक भाषा आहे. तिचं नाव आर.

होय, एवढंच नाव. एक अक्षर! न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बनवायला घेतली. दोघांच्याही नावाचं इंग्रजी पहिलं अक्षर आर. शिवाय तिच्या आधी एस नावाची एक भाषा होतीच, मग हिला आर नाव शोभलं. तिची पहिली पक्की आवृत्ती बाहेर आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. म्हणजे बिचारीचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच! आर फुकट मिळते. एकदा संगणकावर उतरवून घेतली की मग इंटरनेट नसलं तरी चालते, म्हणजे शाळेतल्या जुन्या संगणकावरही काम होतं. तिच्या आज्ञा मात्र इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात. मी इथे त्यांचे उच्चार लिहितोय. टाइप करताना सरांना किंवा ताईला शेजारी बसवा.

आर उघडा, ‘आयरिस’ हा शब्द टाइप करा आणि एंटर दाबा. पडद्यावर सर्रकन १५० ओळी उतरतील. ही १५० फुलं आहेत! आयरिस हे थंड देशांतलं जांभळ्या-निळ्या रंगाचं फूल. एडगर अँडरसन नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं या फुलांची मापं घेतली. तीन जाती, प्रत्येकीची ५० फुलं. त्यांची नावं सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका. प्रत्येक फुलाची चार मापं आहेत. पाकळीची लांबी, पाकळीची रुंदी, आणि पाकळीबाहेरच्या निदलाची लांबी नि रुंदी. १९३६ साली आपल्या फिशरनी हे आकडे एका निबंधात छापले, आणि तेव्हापासून जगभरची मुलं याच १५० फुलांवर हात साफ करून घेतात. तुम्ही जन्मायच्या कितीतरी आधी सुकून गेलेली ती फुलं आकड्यांच्या रूपात अजून ताजी आहेत.

आता गंमत करू. आरला फुलांची नावं सांगायचीच नाहीत. फक्त चार मापं द्यायची आणि म्हणायचं, ‘याचे तीन ढीग कर.’ या आज्ञेचं नाव के-मीन्स. ती आत काय करते ते संगणकात दिसत नाही, म्हणून आपण चला मैदानावर.

तीस मुलं गोळा करा. प्रत्येकाच्या हातात एकेक झाडाचं पान द्या. मैदानाच्या एका कोपऱ्यात चुन्यानं खूण करा. तिथून पानाची जितकी सेंटिमीटर लांबी तितकी पावलं पुढे चालायचं, आणि जितकी रुंदी तितकी पावलं उजवीकडे. तिथेच थांबायचं. आता वरून कावळ्यानं बघितलं तर त्याला काय दिसेल? मुलं मैदानभर सारखी पसरलेली नसतील, त्यांचे घोळके झालेले असतील. मग आणखी तिघांना झेंडे घेऊन मैदानात कुठेही उभं करा. शिट्टी वाजली की प्रत्येक पानवाल्यानं जागा न सोडता आपल्याला सगळ्यात जवळचा झेंडा कोणता ते बोट करून सांगायचं. झेंडेवाल्यानं आपल्याकडे बोट करणाऱ्या मुलांच्या बरोबर मधोमध जाऊन उभं राहायचं. पुन्हा शिट्टी! झेंडे हलले, त्यामुळे काहींची बोटं आता दुसऱ्या झेंड्याकडे वळतील. झेंडे पुन्हा मधोमध सरकतील. असं करता करता एक शिट्टी अशी येते, की कुणाचंच बोट हलत नाही आणि कुठलाच झेंडा सरकत नाही. संपला खेळ. झाले तीन ढीग!

ही कल्पना स्टुअर्ट लॉइड यांनी १९५७ साली मांडली आणि के-मीन्स हे नाव जेम्स मॅक्वीन यांनी १९६७ साली दिलं. खेळताना एक गोष्ट तुमच्या लगेच ध्यानात येईल. तिन्ही झेंडे सुरुवातीला एकाच कोपऱ्यात उभे केले तर कधीकधी भलतेच ढीग पडतात. म्हणून आरला सांगायचं, की बाई, पंचवीस वेळा वेगवेगळ्या जागांवरून खेळ आणि त्यातला सगळ्यात चांगला डाव आम्हाला दाखव. ती क्षणात पंचवीस डाव खेळते आणि घामही येत नाही.

आता आयरिसचा निकाल ऐका. आरनं केलेल्या तीन ढिगांत निघतात ५०, ६२ आणि ३८ फुलं. पन्नासच्या ढिगात सगळीच्या सगळी सेटोसा. एकही चूक नाही! नावं न सांगता ती बरोबर वेगळी निघाली. बासष्टच्या ढिगात मात्र ४८ व्हर्सिकलर आणि त्यांच्यात मिसळलेली १४ व्हर्जिनिका. अडतीसच्या ढिगात ३६ व्हर्जिनिका आणि २ व्हर्सिकलर. म्हणजे १५० पैकी १६ फुलं चुकीच्या ढिगात पडली.

सेटोसा इतकी सहज का सुटली? तिचा पाकळीचा रकाना बघा. तिची सगळ्यात लांब पाकळी १.९ सेंटिमीटर, आणि व्हर्सिकलरची सगळ्यात छोटी पाकळीच ३ सेंटिमीटर. मध्ये रिकामं मैदान. पण व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका यांच्या सीमेवर गर्दी आहे.

आणि इथे माझ्या अंगावर काटा येतो. ज्या दोघींची यंत्रानं सरमिसळ केली, त्या खरोखरच जवळच्या नातलग आहेत! व्हर्सिकलर ही जात फार पूर्वी व्हर्जिनिका आणि सेटोसा यांच्या संकरातून तयार झाली, असं अँडरसन यांचं म्हणणं होतं. फिशर यांनी त्या निबंधात आकड्यांवरून हेही तपासलं होतं, की व्हर्सिकलर दोघींपैकी कुणाच्या जास्त जवळ आहे. उत्तर आलं, व्हर्जिनिकाच्या. फूटपट्टीनं घेतलेली चार मापं आणि त्यातून फुलांच्या घरातली सोयरीक डोकावली.

बरं, आता इंग्लंड-अमेरिका पुरे. आपला स्वतःचा आयरिस करू या, परभणीचा. आंबा, पेरू आणि जांभूळ यांची ५०-५० पानं गोळा करा. झाडाखाली पडलेलीच घ्या, हिरवी ओरबाडू नका. प्रत्येक पानाची लांबी, रुंदी आणि देठाची लांबी मोजा. अँडरसन यांची एक शिस्त मात्र पाळा. सेटोसा आणि व्हर्सिकलरची फुलं त्यांनी एकाच माळावरून, एकाच दिवशी तोडली होती आणि एकाच माणसानं, एकाच साधनानं मोजली होती. तुमच्यातही मोजणारा एकच असू दे आणि फूटपट्टी एकच. एकानं देठासकट लांबी धरली आणि दुसऱ्यानं देठ सोडून, तर आर बिचारी पानांचे ढीग करण्याऐवजी तुमच्या सवयींचे ढीग करून देईल.

मापं संगणकात भरताना आकडे इंग्रजी अंकांत टाइप करा. आपला देवनागरी ९ लिहिलात तर आर त्याला आकडा समजत नाही, अक्षर समजते आणि बेरीज करायला नकार देते. भरून झालं की ‘समरी’ ही आज्ञा द्या. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा आकडा समोर येतो. तिथे पेरूच्या पानाची लांबी १२५ सेंटिमीटर दिसली, तर ते पान काही केळीचं नाही, १२.५ मधलं टिंब निसटलंय! आजी तूर निवडताना सुपात आधी खडे बघते ना, तसं हे. निवडल्याशिवाय शिजवायचं नाही.

एकक सगळीकडे सारखं ठेवा. लांबी मिलिमीटरमध्ये आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिलीत तर काय होईल, ते पुन्हा मैदानावर करून बघा. वीस सेंटिमीटरच्या पानाला २०० पावलं पुढे जावं लागेल, म्हणजे शाळेच्या कुंपणाबाहेर, आणि उजवीकडे जेमतेम पाच. मग कोण कुणाच्या जवळ, हे एकटी लांबीच ठरवणार. रुंदीचं कुणी ऐकणारच नाही.

ढीग करायला सांगितल्यावर माझा अंदाज असा, की आंब्याची लांबोळी पानं बहुतेक वेगळी पडतील आणि पेरू-जांभूळ एकमेकांत मिसळतील, कारण त्यांची मापं बरीच सारखी असतात. पण हा अंदाज आहे, तुमची पानं काय सांगतात ते तुम्ही बघा. पेरू आणि जांभूळ एकाच कुळातले आहेत, मिर्टेसी कुळातले. म्हणजे इथेही सोयरीक सापडली? थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. पानं सारख्या मापाची असली की झाडं नातलगच असतात असं नाही. आयरिसच्या बाबतीत मापांशिवाय इतरही पुरावे होते. एकाच उंचीची दोन मुलं भाऊच असतील असं थोडंच आहे?

आता मला सांगा, पेरू आणि जांभळाच्या पानात तुमची कधी गल्लत होईल का? शक्यच नाही! पेरूचं पान उलटं केलं की शिरा कशा उठून दिसतात, हात फिरवला तर खरखरीत लागतात. जांभळाचं पान गुळगुळीत, चकचकीत. चुरगाळलं तर दोघांचा वासही निराळा. दुसरीतलं पोरही डोळे मिटून सांगेल. मग आरला का जमलं नाही? कारण आपण तिला वास दिलाच नाही, खरखर दिलीच नाही. आपण फक्त लांबी, रुंदी आणि देठ दिला. रकान्यात जे नाही ते तिच्या जगात नाही. म्हणून तक्त्यात एक नवा रकाना आखा, ‘पाठ’. खरखरीत असेल तर १, गुळगुळीत असेल तर ०. आता पुन्हा खेळ मांडा. कोणता रकाना आखायचा हे शोधायला संगणक लागत नाही. त्याला पान उलटून बघणारं पोर लागतं.

नावं माहीत असतील तर आर आणखी एक खेळ खेळते. त्या आज्ञेचं नाव आर-पार्ट. मनातली वस्तू ओळखायचा खेळ तुम्ही खेळता ना, ‘ती घरात असते का? ती लाकडाची आहे का?’ तसाच हा. कमीत कमी प्रश्नांत फुलाचं नाव कसं ओळखावं, हे आर स्वतः शोधून काढते. आयरिससाठी तिला दोनच प्रश्न पुरतात. पाकळीची लांबी २.४५ सेंटिमीटरपेक्षा कमी आहे का? असेल तर सेटोसा. नसेल तर पाकळीची रुंदी १.७५ पेक्षा कमी आहे का? असेल तर व्हर्सिकलर, नसेल तर व्हर्जिनिका. झालं! या दोन प्रश्नांवर १५० पैकी १४४ फुलं बरोबर ओळखली जातात. निदलाची मापं तिनं विचारलीसुद्धा नाहीत.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा ढीग. पाऊस.

मराठवाड्यात पाऊस ‘किती’ पडला यापेक्षा ‘कधी कधी’ पडला, हे घरातल्या मोठ्यांचे चेहरे सांगतात. सोयाबीन फुलात असताना वीस दिवस पाण्याचा थेंब नाही, तर नंतर धो धो कोसळून तरी काय उपयोग? २०२३ चा ऑगस्ट आठवतोय का? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो होता. दोन पावसांमधल्या या कोरड्या दिवसांना आपण खंड म्हणतो.

समजा, दोन गावांच्या दहा दिवसांच्या नोंदी आहेत. पहिल्या गावात तिसऱ्या दिवशी ४० आणि दहाव्या दिवशी ३५ मिलिमीटर, बाकी शून्य. दुसऱ्या गावात एक दिवसाआड १५, असं पाच वेळा. बेरीज करा. दोन्हीकडे ७५! सरासरी काढा. दोन्हीकडे साडेसात! बेरीज आणि सरासरी म्हणतात की दोन्ही गावं सारखी. पण पीक काय म्हणेल? आरमध्ये आर-एल-ई नावाची एक छोटीशी आज्ञा आहे. एकसारखे दिवस सलग किती आले, ते ती मोजते. पहिल्या गावासाठी ती सांगेल, कोरडे २, ओला १, कोरडे ६, ओला १. सहा दिवसांचा खंड सापडला! दुसऱ्या गावात खंड एकेका दिवसाचाच. दिवस ओला कधी म्हणायचा? भारताच्या हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस.

हे आकडे तुम्ही स्वतः गोळा करू शकता. सरळ भिंतीचा, सपाट तळाचा एक डबा घ्या. झाडापासून आणि भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आत फूटपट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर चढलं ते वाचा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तुमच्या वर्गाचं छत आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद असेल तर एका मिलिमीटरला त्यावर ४८ लिटर पाणी पडतं. गणित करून बघा. जिंतूरच्या शाळेनं, गंगाखेडच्या शाळेनं, पूर्णा, पालम, सोनपेठ, मानवत, पाथरी, सेलू आणि परभणीच्या शाळेनं असा एकेक डबा ठेवला, तर नऊ तालुक्यांचे नऊ रकाने होतील. मग के-मीन्सला विचारता येईल, की पावसाच्या बाबतीत कोणते दिवस एकमेकांसारखे होते.

फक्त एक सांभाळा. पाऊस पडला नाही तर वहीत ० लिहा. तुम्ही गावाला गेलात आणि मोजायचं राहिलं तर ० लिहू नका. तिथे आरमध्ये एनए लिहितात, म्हणजे ‘माहीत नाही’. रकान्यात एक जरी एनए असलं आणि तुम्ही सरासरी मागितली, तर आर उत्तर देते, एनए! एकोणतीस दिवस माहीत आहेत, एकच माहीत नाही, तरी ती अडून बसते. ‘तो दिवस सोडून देऊन हिशेब कर,’ असं तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय ती पुढे जात नाही. या हट्टासाठी मला ती फार आवडते. न मोजलेल्या दिवसाला कोरडा दिवस म्हणणं म्हणजे शेतकऱ्याच्या वावरातून एक पाऊस चोरणंच की!

चला, वही काढा. पहिला रकाना तारखेचा, दुसरा मिलिमीटरचा, तिसरा मोजणाऱ्याच्या नावाचा. उद्या सकाळी साडेआठला डब्यात डोकावा. आत पाणी नसेल, नुसतं एखादं वाळकं पान पडलेलं असेल. पान बाजूला काढा, ते आंब्याचं आहे की जांभळाचं ते उलटून बघा, आणि तारखेसमोर ठळक शून्य लिहा.